विज्ञानाची सहल फक्त मुलांची नको, घरच्यांचीही असू द्या

आठवीच्या वर्गात ३१ मुली. मुंबईच्या विज्ञान केंद्राच्या सहलीसाठी आम्ही संमतीपत्रं वाटली आणि चौथ्या दिवशी सही होऊन परत आली फक्त ८. पैशांचं कारण सांगणारे दोघं-तिघंच होते. बाकीच्या घरांतून उत्तर जवळपास एकच आलं, "लड़की को अकेले कैसे भेजें?" एका आजोबांनी तर शाळेत येऊन विचारलं, की सायन्स पुस्तकात आहे ना, मग ते बघायला मुंबईला कशाला जायचं?

आधी राग आला, खोटं कशाला बोला. मग आम्ही शिक्षकांनी बसून विचार केला. भिवंडीसारख्या गावात, जिथे बाप बारा तास यंत्रमागावर असतो आणि आई घर सांभाळून धागा कापण्याचं काम करते, तिथे 'सहल' म्हणजे मुलीला परक्या लोकांच्या हाती सोपवणं असंच वाटणार. या लोकांनी स्वतः कधी विज्ञान केंद्र पाहिलेलं नाही. तिथे काय असतं हे माहीत नसताना मुलीला पाठवायचं कसं? म्हणून पत्र बदललं. नव्या पत्रात एकच वाक्य वाढवलं : मुलीसोबत घरातल्या एका मोठ्या माणसाने यावं, लहान भावंडं आली तरी चालतील. या वेळी २२ मुलींच्या घरून होकार आला. बसमध्ये अम्मी होत्या, दोन नान्या होत्या, सुट्टी टाकून आलेले पाच अब्बू होते, आणि कडेवरची पोरंही होती.

त्या दिवसापासून आम्ही कुणालाही सांगतो, की मुलांना विज्ञान दाखवायचं तर घर सोबत न्या. कसं न्यायचं, कुठे न्यायचं आणि न जाताही घरी काय काय करता येतं, ते या लेखात सांगतो.

हाजीअलीची वाट आणि चाँदची तारीख

नान्यांना खूश करायचं म्हणून सहलीत हाजीअली जोडलं होतं. पण विज्ञानाचा पहिला धडा तिथेच निघाला. हाजीअलीला गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे, की भरती आली की दर्ग्याची वाट पाण्याखाली जाते. मग जायचं किती वाजता? आम्ही हा प्रश्न आठ दिवस आधी मुलींनाच टाकला.

कोकण किनाऱ्यावरच्या कोळ्यांचा एक जुना हिशेब आहे. तिथीला पाऊणने गुणायचं, म्हणजे भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थी असेल तर ४ चे पाऊणपट ३, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला ६ च्या सुमारास. भरतीनंतर सव्वासहा तासांच्या आसपास ओहोटी. आपल्या घरांत तिथी कोण बघतं? पण चाँदची तारीख सगळ्यांना ठाऊक असते. महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात चाँदच्या तारखेत एक-दोन मिळवले की तिथी साधारण हाती येते. आमच्या सहलीच्या दिवशी चाँदची ७ होती. म्हणजे तिथी ८ किंवा ९, भरती संध्याकाळी सहा ते पावणेसात, ओहोटी दुपारी बारा-साडेबाराला. मुलींनी ठरवलं, अकराला पोहोचायचं. नंतर आम्ही भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रक पाहिलं तर फार फरक नव्हता. तरी सांगून ठेवतो, हा अंदाज आहे. तासाभराची चूक होऊ शकते. पाण्याशी खेळ नको, वेळापत्रक बघूनच निघा.

हा हिशेब जमतो कसा? पृथ्वी स्वतःभोवती फिरते तेव्हा चंद्रही तिच्याभोवती पुढे सरकत असतो. वर्गात आम्ही एका मुलीला मध्ये उभं करून स्वतःभोवती गिरकी घ्यायला लावलं, दुसरीला तिच्याभोवती अगदी हळू चालायला सांगितलं. मधली मुलगी पूर्ण गिरकी घेऊन पुन्हा समोर बघते, तर चंद्र झालेली मुलगी तिथे नसते, थोडी पुढे गेलेली असते. तिच्यासमोर यायला आणखी थोडं वळावं लागतं. हे 'थोडं' किती? दिवसाची मिनिटं १४४०. चंद्राला अमावास्येपासून अमावास्येपर्यंत लागतात साधारण साडेएकोणतीस दिवस. १४४० ला २९.५ ने भागा, ४९ च्या जवळ उत्तर येतं. म्हणून चंद्र रोज सरासरी पन्नासेक मिनिटं उशिरा उगवतो आणि भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. पन्नास मिनिटं म्हणजे तासाचा पाऊण हिस्सा म्हटलं तरी चालेल. कोळ्यांचं पाऊणपट हेच आहे.

"मग दिवसातून दोनदा भरती का? चंद्र तर एकच आहे," हा प्रश्न एका मुलीच्या आईने विचारला, मुलीने नाही. उत्तर असं : चंद्राच्या बाजूचं पाणी त्याच्या जवळ असतं, म्हणून ते पृथ्वीच्या मध्यापेक्षा जास्त ओढलं जातं. विरुद्ध बाजूचं पाणी दूर असतं, ते कमी ओढलं जातं, म्हणजे मागे राहतं. दोन्हीकडे फुगवटा येतो. पृथ्वी फिरताना मुंबई दिवसभरात दोन्ही फुगवट्यांखालून जाते. अमावास्या आणि पौर्णिमेला सूर्यही त्याच रेषेत ओढतो, म्हणून तेव्हाची भरती मोठी आणि ओहोटीही खोल.

वाटेच्या दोन्ही बाजूंना खडक उघडे पडले होते. खडकांना चिकटलेले पांढरे, टोकदार ठिपके आम्ही दाखवले. ते दगडाचे खवले वाटतात, पण ते बार्नेकल नावाचे प्राणी आहेत, खेकड्याच्या खानदानातले. पाणी असताना कवच उघडून खातात, पाणी गेलं की दार बंद करून बसतात. एक नानी म्हणाली, "इतनी बार आई मैं यहाँ, ये तो कभी देखा ही नहीं." खडकांवर उतरू देऊ नका, भयंकर निसरडं असतं. किनाऱ्यावरचे जीव नीट बघायचे असतील तर 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा २०१७ पासून काम करणारा गट आहे. ओहोटीच्या वेळी जाणकारांसोबत किनारा दाखवण्याचे त्यांचे फेरफटके असतात. गिरगाव आणि जुहूच्या किनाऱ्यावर शंखात घर करून चालणारे खेकडे सुद्धा दिसतात. मुंबईत राहून आपली पोरं समुद्रावर फक्त भेळ खाऊन परत येतात, याचं आम्हाला वाईट वाटतं.

वरळीचं केंद्र आणि एक जॉबर

हाजीअलीहून वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र फार लांब नाही. लोकलने यायचं असेल तर महालक्ष्मी स्टेशन जवळचं. तिथलं बाहेरचं विज्ञान उद्यान १९७९ मध्ये सुरू झालं आणि आतलं केंद्र १९८५ मध्ये. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेकडून ते चालवलं जातं. इथे 'हात लावू नका' अशा पाट्या शोधाव्या लागतात, कारण बहुतेक गोष्टी हात लावण्यासाठीच ठेवलेल्या आहेत. ओढा, फिरवा, दाबा, ओरडा, बघा काय होतं ते.

आमच्या जुन्या सहलींत आम्ही एक चूक दरवर्षी करायचो. प्रत्येक मुलाच्या हातात वही द्यायची आणि 'किमान वीस प्रतिकृतींची माहिती लिहून आणा' असं सांगायचं. मुलं पाटीवरचा मजकूर उतरवण्यात गुंग, समोरचं चाक कुणी फिरवतच नाही! उर्दू माध्यमाच्या मुलांची तर आणखी पंचाईत. पाट्या इंग्रजी, हिंदी, मराठीत. अक्षर लावत लावत उतरवायचं आणि समजायचं काहीच नाही. या वेळी वह्या बसमध्येच ठेवल्या. प्रत्येक कुटुंबाला सांगितलं, सगळं बघायचं नाही. तीनच वस्तूंपाशी थांबा, आणि त्या कशा चालतात हे संध्याकाळी बसमध्ये आम्हाला सांगा. कुठल्याही भाषेत सांगा.

दातेरी चाकांच्या एका प्रतिकृतीपाशी चार-पाच मुली उभ्या होत्या. लहान चाक फिरवलं की मोठं हळू का फिरतं, हे एकमेकींना विचारत होत्या. आम्ही समजावायला पुढे झालो, तेवढ्यात त्यातल्या एकीचे अब्बू बोलायला लागले. हे गृहस्थ यंत्रमाग कारखान्यात जॉबर आहेत, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारे. शिक्षण चौथीपर्यंत. सकाळपासून ते सगळ्यांच्या मागे मागे चालत होते. ते म्हणाले, मागाला दोन शाफ्ट असतात, वरचा आणि खालचा. वरच्यावर जेवढे दात, खालच्या चाकावर त्याच्या दुप्पट. म्हणून वरच्याचे दोन फेरे झाले की खालच्याचा एक होतो. वरच्याच्या एका फेऱ्यात धोटा एकदाच जातो, एकदा डावीकडून, पुढच्या फेऱ्यात उजवीकडून. दोन्ही बाजूंनी धोट्याला फटका मारणाऱ्या काठ्या खालच्या शाफ्टवरून चालतात, आणि त्याचा एक फेरा पुरा झाला की दोन्ही बाजूंचा एकेक फटका झालेला असतो. दात दुप्पट नसते तर धोटा अर्ध्यातच अडकला असता.

आम्ही बी.एड. केलेले शिक्षक. गुणोत्तर आणि दातेरी चाकं हा धडा इतकी वर्षं शिकवतोय. वर्गातल्या निम्म्या मुलींच्या घरी किंवा गल्लीत माग खडखडतो, आणि आम्ही उदाहरण द्यायचो सायकलचं. त्या जॉबरभोवती मग इतर शाळांची मुलंही गोळा झाली. त्यांची मुलगी बाजूला उभी होती. घरी येताना बसमध्ये तिने तिच्या तीन वस्तू सांगितल्याच नाहीत, फक्त अब्बूंच्या मागाबद्दल बोलली.

पुढच्या महिन्यात आम्ही आठवीला सुट्टीच्या दिवशी बंद असलेल्या एका कारखान्यात नेलं. मोटार बंद, पट्टा उतरवलेला, आणि हाताने चाक फिरवून सगळं दाखवलं. तिकीट नाही, बस नाही. तुमच्या गावात माग नसेल तर पिठाची गिरणी असेल, गॅरेज असेल, बर्फाचा कारखाना असेल, शिलाई मशीन तर घराघरात आहे. शिलाई मशीनचं खालचं मोठं चाक एकदा फिरवा आणि सुई किती वेळा खाली येते ते मोजा. फक्त चालू यंत्राजवळ मुलांना नेऊ नका आणि ओढणी-दुपट्टा आधी बांधून घ्या.

केंद्रात जाणाऱ्यांसाठी थोड्या कामाच्या गोष्टी. वेळा, तिकिटं आणि सुट्ट्या बदलत असतात, निघण्याआधी फोन किंवा वेबसाइटवर बघून घ्या. शाळेच्या गटाला आधी पत्र दिलं तर सवलत मिळू शकते. डबे घरून न्या. जुहरची नमाज पढणाऱ्यांसाठी वेळ आधीच धरून ठेवा, म्हणजे ऐनवेळी अर्धी माणसं इकडे आणि अर्धी तिकडे असं होत नाही. लहान पोरं असलेल्या आयांना सकाळच्या गर्दीत नेण्यापेक्षा दुपारनंतर न्या. वरळीलाच नेहरू तारांगण आहे, १९७७ पासूनचं. तिथे खेळ वेगवेगळ्या भाषांत असतात, मराठी-हिंदीचा खेळ कधी आहे ते विचारून जा. पण एका दिवसात केंद्र आणि तारांगण दोन्ही कोंबू नका, मुलं तारांगणाच्या अंधारात झोपून जातात. आमची झोपली होती.

मगरिबनंतरची वही

ज्यांना कुठेच जाणं शक्य नाही त्यांच्यासाठी सगळ्यात स्वस्त प्रयोग गच्चीवर आहे. रमजानचा आणि ईदचा चाँद बघायला आख्खा मोहल्ला गच्चीवर चढतो. दिसला की मुबारकबाद देऊन सगळे खाली, आणि दुसऱ्या दिवशी तो कुठे गेला हे कुणी बघत नाही. आम्ही मुलींना सांगितलं, पहिल्या चाँदपासून १२ दिवस मगरिबनंतर ठरलेल्या एकाच वेळी, एकाच जागी उभं राहा. वहीत समोरच्या इमारती, मिनार, पाण्याची टाकी यांचं साधं चित्र काढा आणि चाँद त्यात कुठे आहे, कसा आहे ते रोज दाखवा.

चौथ्या-पाचव्या दिवशी लक्षात येतं, की चाँद रोज पूर्वेकडे सरकतोय. किती, ते मोजायला हात पुरतो. हात पूर्ण लांब करून मूठ आकाशासमोर धरली तर ती साधारण १० अंश झाकते. चाँद रोज एक मूठ आणि वर थोडा, म्हणजे १२-१३ अंश सरकतो. पहिल्या दिवशी तो सूर्यापाठोपाठ लगेच का मावळतो आणि चौदाव्या रात्री रातभर का दिसतो, हे मग सांगावं लागत नाही. महिना कधी २९ चा, कधी ३० चा का होतो, तेही सुटतं. चंद्राचं चक्र २९.५३ दिवसांचं आहे आणि अर्धा दिवस तर मोजता येत नाही. असे १२ महिने म्हणजे ३५४ दिवस, सौर वर्षापेक्षा जवळपास ११ कमी. म्हणून रमजान दरवर्षी तेवढा अलीकडे येतो आणि तेहतीसेक वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. (चाँद झाला की नाही हे ठरवणं हिलाल कमिटीचं काम, त्यात आम्ही पडत नाही. आम्ही बोलतोय ते फक्त बघण्याबद्दल.)

एका घरात या वहीचं काम नानीने स्वतःकडे घेतलं. त्यांना लिहिता येत नाही, म्हणून रोज चाँदचं चित्र त्या काढायच्या आणि तारीख नातीने टाकायची. ती वही आमच्या शाळेच्या कपाटात आहे.

अंधारी खोली

भर दुपारी, बाहेर कडक ऊन असताना एक खोली पूर्ण अंधारी करा. खिडकीला काळा पुठ्ठा किंवा जाड गोधडी लावा, फटी कपड्याने बुजवा. पुठ्ठ्यात वाटाण्याएवढं एकच भोक ठेवा. समोरच्या भिंतीवर किंवा ताणून धरलेल्या पांढऱ्या चादरीवर पाच मिनिटांनी, डोळे अंधाराला सरावले की, बाहेरची गल्ली दिसू लागते. रंगीत, हलती आणि उलटी. रिक्षा छतावरून जाते, मशिदीचा मिनार खाली लटकतो. मुलं किंचाळतात, आणि मोठी माणसं त्यांच्याहून जास्त.

उलटी का? प्रकाश सरळ रेषेत जातो. मिनाराच्या टोकावरून निघालेला किरण भोकातून खाली उतरत येतो आणि भिंतीच्या खालच्या भागावर पडतो. पायथ्याचा किरण वर चढत येतो. भोकापाशी दोघांची अदलाबदल होते. भोक मोठं केलं तर चित्र उजळ होतं पण पुसट, लहान केलं तर ठळक पण अंधुक. हे मुलांना करून बघू द्या, आधी सांगू नका.

बसऱ्यात साधारण ९६५ मध्ये जन्मलेले आणि नंतर कैरोत राहिलेले इब्न अल-हैसम यांनी अंधाऱ्या खोलीत असेच प्रयोग करून प्रकाशाचा अभ्यास केला. डोळ्यातून काहीतरी बाहेर पडतं आणि म्हणून आपल्याला दिसतं, असं तेव्हा मोठमोठे विद्वान मानत. त्यांनी दाखवलं की प्रकाश वस्तूकडून डोळ्याकडे येतो. त्यांची 'किताब अल-मनाझिर' पुढे लॅटिनमध्ये गेली आणि युरोपात शतकानुशतकं वाचली गेली. आपल्या जलशांत हे नाव फार घेतलं जातं. मुस्लिम शास्त्रज्ञांची यादी वाचली जाते, टाळ्या होतात. आमचं म्हणणं एवढंच, की नाव घ्यायला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा थोडा जास्त वेळ खर्चून खोली अंधारी करा. त्या माणसाने भर दिला होता तो करून बघण्यावर.

वस्तू टाकाऊतूनच घ्यायच्या असतील तर अरविंद गुप्तांची वेबसाइट मुलांना उघडून द्या. आयआयटी कानपूरचे हे इंजिनिअर, १९७० च्या दशकात मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या शाळांत विज्ञान शिकवण्याच्या उपक्रमात गेले आणि मग आयुष्यभर कचऱ्यातून खेळणी बनवत राहिले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या साइटवर खेळण्यांचे छोटे व्हिडिओ आणि मराठी, हिंदी, इंग्रजी पुस्तकं फुकट आहेत. आमच्या वर्गात सगळ्यात चाललेली वस्तू म्हणजे स्ट्रॉची पिपाणी. स्ट्रॉचं एक टोक दाबून चपटं करा, दोन्ही कोपरे तिरके कापून टोकदार करा, तो भाग ओठांत धरून जोरात फुंका. शहनाईसारखा आवाज येतो, कारण शहनाईच्या तोंडाशीही अशाच दोन पात्या थरथरतात. फुंकता फुंकता दुसऱ्या टोकाने स्ट्रॉ कात्रीने कापत गेलं की आवाज चढत जातो. हा प्रयोग घरी शिकवायच्या आधी शेजाऱ्यांची माफी मागून ठेवा.

थोडं लांब जाता आलं तर

पुण्याकडचे वाचक असतील त्यांनी विद्यापीठाच्या आवारातली आयुका बघावी. जयंत नारळीकरांनी उभी केलेली खगोलशास्त्राची संस्था. तिथल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत मुलांसाठी काम होतं, अरविंद गुप्ताही तिथे कित्येक वर्षं होते. नागपूरला रमण विज्ञान केंद्र आणि त्याचं तारांगण आहे, गोव्यात मिरामारला विज्ञान केंद्र आहे, सिंधुदुर्गच्या लोकांना ते मुंबईपेक्षा जवळ पडतं. बुलढाण्यात लोणार आहे. बाहेरून आलेला दगड आदळून काळ्या बसाल्टमध्ये तयार झालेलं, पावणेदोन किलोमीटरहून मोठं विवर, त्याच्या काठावर मुलांना उभं करून 'किती मोठा दगड असेल?' एवढंच विचारा.

पण आम्हाला एकच जागा निवडायला सांगितली तर आम्ही खोडद म्हणू. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ जीएमआरटी नावाची रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, काही जवळजवळ, काही तीन दिशांना पसरलेल्या, टोकापासून टोकापर्यंत २५ किलोमीटर. या सगळ्या मिळून एकच दुर्बीण होते. तिने ताऱ्यांचा प्रकाश बघायचा नसतो, आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी पकडायच्या असतात. गोविंद स्वरूप यांनी हिची रचना करताना तबकडी भरीव पत्र्याची न करता बारीक तारांच्या जाळीची केली. लांब लहरींना जाळीची भोकं दिसतच नाहीत, त्यांच्यासाठी तो भरीव आरसाच. वारा मात्र आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका आणि खर्च कमी. जवळ गेलात की मोबाइल बंद करायला सांगतात, कारण आकाशातून येणारा इशारा इतका क्षीण की आपला फोन त्याच्यापुढे लाउडस्पीकर ठरतो.

२८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन असतो, सी. व्ही. रमण यांच्या १९२८ च्या शोधाचा. त्याच्या आसपास खोडदला लोकांसाठी दुर्बीण खुली असते आणि आजूबाजूच्या शाळांची मुलं आपले प्रयोग मांडतात. नेमक्या तारखा संस्थेच्या साइटवर बघा. भिवंडी-कल्याणकडून माळशेज घाटातून जाता येतं. त्या गर्दीत शेतकरी येतात, आज्या येतात, नऊवारीतल्या बायका तबकडीखाली उभ्या राहून वर बघत असतात. आमच्या बुरख्यातल्या आया तिथे अजिबात वेगळ्या वाटल्या नाहीत.

मे महिन्याची काठी

शेवटी एक प्रयोग, ज्याला काठी आणि ऊन एवढंच लागतं. सूर्य वर्षभरात कर्कवृत्त ते मकरवृत्त असा वर-खाली सरकतो. त्यामुळे महाराष्ट्रातल्या प्रत्येक गावावरून वर्षात दोनदा तो भर दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली तिच्याच पायाखाली नाहीशी होते. कोल्हापूरला मेच्या ६-७ तारखेला, सोलापूरला १० च्या आसपास, पुण्याला १३-१४, मुंबईला १५-१६, संभाजीनगरला १९-२०, नागपूरला २६ च्या सुमारास. मुंबई-भिवंडीला वेळ साधारण १२ वाजून ३५ मिनिटं. दुसरी संधी जुलै-ऑगस्टमध्ये, पण तेव्हा ढग. दक्षिणेच्या नातेवाइकांना फोन लावा आणि तुमच्याकडे कधी सावली गेली ते विचारा. सूर्य गावोगाव उत्तरेकडे चाललाय हे मुलांना फोनवरच कळेल.

आता गंमत बघा. मक्का शहरही कर्कवृत्ताच्या आत आहे, २१.४ अंशांवर. म्हणजे काबा शरीफवरही सूर्य वर्षात दोनदा थेट माथ्यावर येतो. पहिली वेळ २८ मे, भारतीय वेळेने दुपारी २ वाजून ४८ मिनिटं (लीप वर्षात २७ मे). त्या क्षणी आपल्याकडून सूर्य ज्या दिशेला दिसतो तीच किब्ल्याची दिशा. गच्चीवर सपाट जागी काठी सरळ उभी करा. ती सरळ आहे का हे दोऱ्याला दगड बांधून ओळंब्याने बघा. बरोबर २:४८ ला सावलीवर खडूने रेघ ओढा. सावलीच्या टोकाकडून काठीकडे बघितलं की तोंड किब्ल्याकडे. सूर्याकडे बघायचं नाही, सावलीकडे बघायचं.

रेघ काढून झाली की तिच्याशेजारी दुसरी रेघ नेमक्या पश्चिमेची काढा. आपण सगळे लहानपणापासून 'किब्ला पश्चिमेला' म्हणत आलो, पण मुंबई परिसरात दोन रेघांमध्ये १० अंशांचा कोन निघतो, नागपूरकडे ८ च्या आसपास. किब्ला पश्चिमेच्या थोडा उत्तरेकडे आहे. का, ते मुलांना पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून शोधू द्या, सपाट नकाशावर सापडणार नाही. एवढ्या तेवढ्या फरकाने नमाजमध्ये काही अडत नाही हे उलेमा सांगतातच, तेव्हा जानमाज फिरवण्याची घाई कुणी करू नये, आणि मशिदीत जाऊन वाद तर मुळीच घालू नये.

दोन दिवस अलीकडे-पलीकडे याच वेळेला केलं तरी फरक नगण्य येतो, त्यामुळे एक दिवस ढगाळ गेला तर दुसरा आहे. घड्याळ मात्र मोबाइलवरचं घ्या, भिंतीवरचं नको. मागच्या वेळी आमच्या गच्चीवर त्या जॉबर अब्बूंनीच ओळंबा धरला होता, माग बसवताना त्यांना तो रोज लागतो. मेच्या सुट्टीत तुम्ही गावी असाल तर तिथल्या गच्चीवर किंवा अंगणात करा. दुसरी वेळ १६ जुलै, दुपारी २ वाजून ५७ मिनिटं (लीप वर्षात १५ जुलै), पण तेव्हा आपल्याकडे पावसाचा भरवसा नाही.